लाभाचे तीन टोपले

आरमोरीच्या आठवडी बाजारात दादाजी कुथे धान मोजत. हा त्यांचा पिढीजात धंदा. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे पोत्याच्या तुकड्यावर मांडी घालून मापारी. पायली धानात खुपसायची, भरून वर काढायची, तळहातानं वरची शीग उतरवायची आणि आकडा मोठ्यानं म्हणत पलीकडे ओतायची. काम एवढंच. पण ज्याच्या हातावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसतो असा मापारी बाजारात एखादाच असतो. आरमोरीत तो दादाजी होते. दुसऱ्या मापाऱ्याकडे तंटा झाला तर लोक पोतं उचलून त्यांच्यापुढे आणून टाकत. त्यांनी मोजलं की तंटा मिटे.

आकडे म्हणायची त्यांची रीत इतर मापाऱ्यांसारखीच होती. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. बाजारात लाभ म्हणजेच एक. तो हिशेबात असतो.

त्यांच्या गावच्या खळ्यावर तसं नव्हतं. गाव कोसमटोला, गाढवी नदीच्या पलीकडे, जंगलाला लागून. तिथं धानाची रास उघडली की पहिलं माप गावदेवीच्या, मातामायच्या नावानं बाजूला काढत. त्यालाही लाभच म्हणत, पण ते कुणाच्या मोजणीत येत नसे. ते बाजूला गेल्यावर 'एक'पासून सुरुवात. नवी रास उघडली की नवा लाभ. बाजारातलं धान दुसऱ्याचं आणि खळ्यावरचं आपलं, म्हणून या दोन रिती. दादाजी दोन्ही ठिकाणी मोजत आणि त्यांची कधी गल्लत झाली नाही. झाली ती एकदाच, घरच्या अंगणात, आणि झाल्याचं त्यांना बऱ्याच उशिरा कळलं.

दादाजी आणि गिरजाबाई यांना दोन मुलगे. थोरला बिरजू चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत कामाला गेला. धान कापून झालं की त्या भागातली तरुण पोरं अशीच जात आणि पेरणीला परत येत. १९५१ साली बिरजू पेरणीला आला नाही. खाणीचं छत बसलं त्यात तो सापडला. प्रेत ओळखायला दादाजी गेले. चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, करदोट्यावरून ओळखलं. गावी आल्यावर त्यांनी गिरजाबाईंना एवढंच सांगितलं की लच्छू खाणीत जाणार नाही. त्या घरात या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

लच्छू धाकटा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात तो चांद्याला एका मोटारीवर क्लीनर होता. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तेव्हा मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या मागे उंच लोखंडी पिंप बांधलेलं असे. त्यात कोळसा अर्धवट जळे, आणि त्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनला पेट्रोलऐवजी देत. पिंप भरणं, राख काढणं, गाळणी धुणं हे क्लीनरचं काम. लच्छूनं ते मन लावून केलं. लढाई संपली, पेट्रोल आलं, आणि पिंपं भंगारात गेली. त्यातलं एक लच्छूनं बरीच वर्षं नजरेत ठेवलं आणि शेवटी गावी आणलं. एक जुनं इंजिन आणि धान भरडायची एक मोडकी मशीनही त्यानं अशीच मिळवली.

हे सगळं मुखरूच्या बैलगाडीतून आलं. मुखरू दादाजींचा शेजारी. त्याची जीभ गावात प्रसिद्ध होती.

"लोकाचे पोट्टे गाडीत नवरी बसवून आणतेत," तो अंगणात पिंप उतरवता उतरवता म्हणाला. "आमच्या लच्छ्यानं पिपा आणला. गिरजाबाई, ओवाळा जी सूनबाईले."

"ओवाळीन ना," गिरजाबाई म्हणाल्या. "तुह्या घरच्या सुनेपरीस कमीच बोलन हे."

लच्छूच्या डोक्यात जे होतं ते साधं होतं. पावसाळ्यात गाढवीला पाणी आलं की कोसमटोल्याचा रस्ता बंद होई. तेल येत नसे, गिरणीला जाता येत नसे. चार महिने बाया ढेकीवर पाय मारून धान कांडत. गावात मुबलक होता तो फक्त भुसा, धानाचं वरचं टरफल. गुरं तो खात नाहीत, चुलीत तो धड जळत नाही. लच्छूला वाटलं, कोळशाऐवजी पिंपात भुसाच घातला तर? धान भरडताना भुसा निघतो, त्या भुशाचा गॅस करायचा, गॅसवर इंजिन चालवायचं, इंजिनवर धान भरडायचं. बाहेरून काही आणायला नको.

पहिली दोन वर्षं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. भुशातून डांबर निघे आणि गाळणी चोंदून जाई. लच्छूनं गाळणी बदलली, हवेची भोकं बदलली, पिंपाच्या आत मातीचं अस्तर दिलं. १९५५च्या दिवाळीनंतर नवं धान आलं तेव्हा इंजिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं. अख्खं गाव अंगणात उभं होतं.

भुसा किती लागतो आणि किती निघतो, हे लच्छूला हवं होतं. मोजायला बाहेरचा माणूस शोधायचं कारण नव्हतं. दादाजींनी बांबूचा एक मोठा टोपला घेतला. पिंप रिकामं झालं की इंजिन थांबे, दादाजी पिंप भरत, आणि इंजिन पुन्हा सुरू होई. दिवसभरात पिंप तीनदा भरलं. पिंपात गेले नऊ टोपले. मशीनमधून निघालेला भुसा त्यांनी त्याच टोपल्यानं मोजून बाजूला रचला. ते अकरा झाले. दुसऱ्या दिवशीही नऊ आणि अकरा. तिसऱ्या दिवशीही तेच.

"म्हणजे स्वतःचं खाऊन दोन टोपले वर," लच्छू म्हणाला.

"मंग वरच्या दोन टोपल्याईवर दुसरी मशीन चालव," मुखरू म्हणाला. "तिच्या वरच्याईवर तिसरी. अशी लाईन लाव आरमोरीपर्यंत. मी बैल इकून टाकतो."

लोक हसले, पण गोष्ट पसरली. बाजारात लोक विचारत, मोजलं कुणी? दादाजींनी. मग पुढे कुणी विचारत नसे.

त्या वर्षी विकास खात्याच्या एका कचेरीत, पावसाळ्यात तुटणाऱ्या एखाद्या गावी धान भरडायची सोय करावी असा विचार चालला होता. अट एकच होती. यंत्र बाहेरच्या इंधनावाचून चाललं पाहिजे, कारण पावसाळ्यात इंधन पोचवणार कोण? लच्छूच्या यंत्राची बातमी तिथवर गेली. दावा खरा ठरला तर ते यंत्र कोसमटोल्यालाच बसणार होतं आणि चालवायला लच्छूला नेमणार होते. नाही ठरला तर लच्छूपुढे एकच काम होतं. खाणीत पाणी उपसायच्या पंपावर इंजिन समजणारा माणूस हवा होता. मुकादमानं होळीपर्यंत वाट पाहतो म्हणून सांगितलं होतं. पंप खाली होता, जमिनीच्या पोटात. लच्छूनं हे आईला सांगितलं, आईनं दादाजींना. दादाजींनी ऐकलं आणि टोपल्याची सुटलेली कड बांधत बसले.

जानेवारीत कचेरीनं गुणवंतरावांना पाठवलं. ते नागपूरला यंत्रविद्या शिकवत. अशा दाव्यांची तपासणी त्यांच्याकडे अधूनमधून येई. वजनं लावलेलं आपोआप फिरणारं चाक, पाण्यावर जळणारा दिवा, असं त्यांनी बरंच पाहिलं होतं. लबाडी क्वचित सापडते, असं ते म्हणत. बहुतेक माणसं प्रामाणिक असतात आणि यंत्रही जेवढं करायचं तेवढंच करतं. मोजताना काय सुटलं, तेवढं शोधायचं.

त्यांनी आल्याबरोबर इंजिनची टाकी उघडून वास घेतला. कोरडी होती. पिंपाच्या आसपासची जमीन काठीनं खरवडून पाहिली. तारेचा ताणकाटा आणला होता, त्याला टोपला अडकवून आत जाणाऱ्या भुशाचं आणि बाहेर पडणाऱ्या भुशाचं वजन केलं. आतला दाबून भरलाय आणि बाहेरचा सैल, असं तर नाही? नव्हतं. दोन्ही सारखे उतरले. भुसा मुठीत दाबून ओल पाहिली. मशीनमध्ये टाकायचं धान स्वतः मोजून घेतलं.

"साहेब, मले बी मोजा," मुखरू म्हणाला. "मी बी सकाळपासून बाहेरचं काही खाल्लं नाई."

"तुम्ही चाललात की मोजतो," गुणवंतराव म्हणाले. ते हसले नव्हते, त्यामुळे लोक जास्त हसले.

यंत्र सुरू झालं. गुणवंतरावांना इंजिनपाशी थांबणं भाग होतं. फेरे मोजायचे होते, मधे कुणी तेल पाजत नाही ना ते बघायचं होतं. टोपल्यांची मोजणी त्यांनी दादाजींवर सोपवली. गावाबाहेरचा एक माणूस बसवावा असं त्यांना वाटलं होतं, पण आरमोरीत ज्याला त्याला विचारलं त्यानं दादाजींचंच नाव घेतलं होतं.

दिवस कलला तेव्हा तिसरं पिंप संपलं. आत गेलेले नऊ, बाहेर आलेले अकरा. लोकांनी लच्छूच्या पाठीवर थापा मारल्या. गिरजाबाई चहा घेऊन आल्या. गुणवंतराव खाटेवर बसून होते.

"साहेब, पटलं ना?" लच्छूनं विचारलं.

"नाही."

"काऊन नाई?"

"इतक्या भुशात इतकं काम निघत नाही. जास्त लागायला हवा."

"घ्या," मुखरू म्हणाला. "कमी खाल्लं तरी गुन्हा."

गुणवंतराव उठले आणि पिंपापाशी गेले. त्यांनी काठी आत घालून खोली पाहिली, मग तीच काठी आडवी धरून रुंदी पाहिली. मग टोपला उचलून त्याचीही रुंदी आणि खोली पाहिली. हे करायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"या पिंपात चार टोपले मावतात," ते म्हणाले. "तुम्ही ते दर वेळी काठोकाठ भरत होता, ते मी पाहिलं. तीनदा भरलं. नऊ टोपल्यांत तीनदा कसं भरलं?"

 पहिला बोलला तो लच्छू.

"भुसा सैल पडते साहेब आतमंदी. वरून भरल्यावानी दिसते. खाली पोकळ राह्यते."

हे अशक्य नव्हतं. भुसा तसा पडू शकतो. गुणवंतरावांनी लच्छूकडे पाहिलं, मग दादाजींकडे.

"दादाजी, टोपले तुम्ही टाकले. तुम्ही सांगा. सैल पडला होता?"

दादाजी भिंतीला टेकून उभे होते. हातात टोपला होता. पुढे त्यांच्या मनात जे झालं ते त्यांनी नंतर मुखरूला एकदाच सांगितलं, त्यावरून कळतं. साहेबानं 'चार' म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पिंप भरतानाचे आपलेच हात आले. पहिला टोपला विस्तवावर टाकताना ते मनात मातामायचं नाव घेत आणि 'लाभ' म्हणत. मग एक, दोन, तीन. पिंप रिकामं होऊन पुन्हा उघडलं की नवी रास, नवा लाभ. बाहेर पडलेला भुसा मात्र ते बाजाराच्या रितीनं मोजत, लाभ म्हणजे एक, कारण तो भुसा दाखवायचा होता, लोकांचा होता. आत जाणारा आपला होता. पोराच्या यंत्राचा होता. हात आपापल्या रितीनं चालले होते आणि त्यांनी एकदाही थांबून पाहिलं नव्हतं.

सैल पडला होता, एवढंच तोंडातून काढायचं होतं. साहेबानं ते मानलं असतं की नाही कोण जाणे. पण दुसरा माणूस मोजायला बसवण्यासाठी त्याला पुन्हा यावं लागलं असतं, आणि तोवर मुकादमाची होळीची मुदत निघून गेली असती. गिरजाबाई चहाची कपबशी हातात धरून नवऱ्याकडे बघत होत्या. लच्छू खाली बघत होता.

"सैल नोयता," दादाजी म्हणाले. "नऊ, आन् लाभाचे तीन."

"लाभाचे म्हणजे?"

दादाजींनी खळ्याची रीत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज बाजारातल्यासारखा मोठा आणि सपाट होता. गुणवंतरावांनी मधे एकच प्रश्न विचारला, बाहेरच्या भुशात लाभ धरला होता का? धरला होता. म्हणजे आत बारा, बाहेर अकरा.

"एकच टोपला कमी आहे ना साहेब," मुखरू म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "तो मी देतो रोज. माह्या घरी ढीग पडला आहे. लेहून घ्या."

"आज एक कमी आहे," गुणवंतराव म्हणाले. "गाळणी चोंदली की दोन. पावसात भुसा ओला झाला की किती, ते मला सांगता येणार नाही." मग ते लच्छूकडे वळले. "यंत्र चांगलं केलंस. मी हेच लिहीन. भुशावर इतकं चालणारं इंजिन मी पाहिलं नव्हतं. पण दोन टोपले वर, हे मला लिहिता येणार नाही."

लच्छूनं मान हलवली. गिरजाबाईंनी चहा साहेबांपुढे ठेवला. तो निवला होता.

गुणवंतरावांनी तसंच कळवलं. यंत्र चांगलं, दावा चुकीचा. कचेरीनं त्यातला दुसरा भाग वाचला. बाहेरच्या इंधनावाचून चालेल ही अट पुरी होत नव्हती. खात्यातल्या एका माणसानं पुढे सहज बोलताना सांगितलं की दोन टोपले वर असा गाजावाजा झाला नसता, थोडंसं लाकूड लागतं एवढंच कुणी म्हटलं असतं, तर अटीला मुरड घालता आली असती. पण एकदा मोजून खोटं ठरलेल्या गोष्टीवर सही कोण करणार? हे बोलणं आरमोरीत फिरत फिरत दादाजींच्या कानावर आलं.

लच्छूनं होळीच्या आधी इंजिन खोललं. पिंप गोठ्याच्या मागे आडवं करून ठेवलं. जायच्या सकाळी गिरजाबाईंनी शिदोरी बांधून दिली. दादाजी नदीपर्यंत गेले. गाढवीत तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. लच्छू वहाणा हातात घेऊन पलीकडे गेला आणि काठावर बसून त्यानं पाय पुसले. त्यानं मागे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण हात वर केला नाही.

घरी आल्यावर गिरजाबाई म्हणाल्या, "सैल म्हनलं असतं तं जीभ झडत होती का तुमची?"

"नोयता सैल."

"बिरजूच्या येळेस तुमीच म्हनलं होतं. दुसरा जाणार नाई."

 त्यानंतर गिरजाबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत. पाणी ठेवलं आहे, मीठ संपलं आहे.

बाजारात मात्र उलटं घडलं. दादाजींची कीर्ती वाढली. पोटच्या पोराच्या विरुद्ध जाऊन खरं माप सांगणारा माणूस म्हणून लोक त्यांना दुरून बघायला येऊ लागले. गोंडपिपरीकडचे व्यापारीसुद्धा नाव ऐकून आले. दादाजींच्या पुढ्यात पोतं टाकताना कुणी ना कुणी ती गोष्ट काढी. एकदा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "देव माणूस आहे जी हा. लेकराले बी सोडलं नाई." दादाजींनी पायली खाली ठेवली आणि पाणी प्यायला उठले. ते बराच वेळ परत आले नाहीत. विकणारा आणि घेणारा दोघेही थांबून राहिले, दुसऱ्या मापाऱ्याकडे गेले नाहीत.

लच्छूकडून काही कळत नव्हतं. पुढचं धान निघाल्यावर दादाजी त्याला भेटायला गेले. खाणीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथं बसून राहिले. पाळी सुटली तेव्हा काळ्या माणसांच्या लोंढ्यात त्यांना पोरगा ओळखू येईना. लच्छूनंच त्यांना पाहिलं.

"कधी आले?"

"आत्ताच."

"जेवले?"

"शिदोरी होती. तुह्यासाठी बी देली आहे तुह्या मायनं."

लच्छू हात न धुता बाकावर बसला. त्यानं शिदोरी उघडली नाही, बाजूला ठेवली. आईची चौकशी केली, बैलांची केली, मुखरूची केली. पंप कसा आहे, असं दादाजींनी विचारलं. चांगला आहे, तो म्हणाला. विलायती आहे. पाणी फार आहे खाली. मग दोघं चहा पीत राहिले.

"बाबा, एक इचारू?"

"इचार."

"मले माहीत होतं, लाभाचं. पह्यल्या दिवशीच समजलं होतं. चार टोपले पडून राह्यले आन् तुमी तीन मनून राह्यले. मी बाजूलेच होतो."

दादाजींनी कप बाकावर ठेवला.

"मले वाटलं, बाबा मुद्दाम सोडून राह्यले. दादा तसा गेला, मनून. मले खाली जाऊ द्याचं नाई, मनून. तुमी कधी असं केलं नाई कोणासाठी. मनून मी बी चूप राह्यलो." लच्छू कपातल्या चहाकडे बघत होता. "साहेबापुढं तुमी बोलले त्याचा राग नाई मले. भेले असान. सगळे लोकं होते. पण त्याच्या आंधी तर सोडलेच होते ना? मुद्दाम?"

फाटकावरचा भोंगा वाजला. दुसऱ्या पाळीची माणसं आत जात होती.

"मुद्दाम नोयते," दादाजी म्हणाले. "ते लाभाचे होते. माह्या ध्यानातच आलं नाई."

लच्छूनं त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभर खाली पाण्यात उभं राहताना त्यानं एक गोष्ट जवळ ठेवली होती. बाप शेवटी डगमगला असेल, पण त्याआधी आपल्यासाठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माप कमी केलं होतं. ती गोष्ट आता उरली नव्हती.

"बरं," तो म्हणाला. चहावाल्याला त्यानं दोघांचे पैसे दिले, शिदोरी काखेत घेतली आणि बापाच्या पायाला हात लावला. "गाडीची येळ झाली तुमची."

दादाजींनी घरी आल्यावर हे सगळं गिरजाबाईंना सांगितलं, एक शब्द न गाळता. गिरजाबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"हो म्हनाचं होतं."

"नोयतं ना तसं."

"तरी हो म्हनाचं होतं, अजी. त्यानं एवढंच मांगतलं होतं."

दादाजी उठून अंगणात गेले.

लच्छू त्यानंतर कोसमटोल्याला आला नाही. खाणीजवळच त्यानं संसार केला. दादाजी पुढे काही वर्षं बाजारात मोजत राहिले, मग नवी वजनमापं आली आणि पायली बंद झाली. १९५९ सालच्या पावसाळ्यात खाणीत पाणी शिरलं तेव्हा पंपावर लच्छूच होता. तो वर आला, त्याच्याबरोबरचे दोघे आले नाहीत. तो वाचल्याचा निरोप त्यानं गावच्या एका माणसाबरोबर धाडला. निरोप मुखरूच्या नावानं होता. मुखरूनं तो अंगणात उभं राहून सांगितला आणि दादाजींनी विचारलं, आणखी काही म्हणाला का. मुखरूला खोटं बोलायला आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं. त्या दिवशी त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, नाई.